नमुन्याचं माप

चौथ्या किलोमीटरला धाकट्याने मला विचारलं, "दादा, आईच्या मोरीतला नळ झाला का रे दुरुस्त? तो प्लंबर काल येणार होता ना, की पुन्हा उद्यावर ढकललं त्याने?" एवढंच. यात मनाला लावून घेण्यासारखं काही नव्हतं. पण आम्ही किलोमीटरला चार मिनिटं दहा सेकंद या गतीने धावत होतो, आणि या गतीला माझ्या वयाच्या माणसाच्या तोंडून 'हो' किंवा 'नाही' निघालं तरी खूप झालं. त्याने दोन पुरी वाक्यं टाकली, स्वल्पविरामासकट, आणि वर उत्तराची वाट बघत मान वळवून माझ्याकडे पाहिलं. उत्तर मला येत होतं. प्लंबर आला होता, वॉशर चुकीच्या मापाचा निघाला म्हणून परत गेला होता. पण हे सांगायला जी हवा लागते ती माझ्याकडे नव्हती. मी हात वर करून 'मग सांगतो' अशी खूण केली. त्याने समजूतदारपणे मान डोलावली आणि पुन्हा समोर बघायला लागला. त्या समजूतदारपणानेच माझं डोकं फिरलं. मागून सायकलवर मापनवाली बाई येत होती, गळ्यात घड्याळ, हँडलला वही बांधलेली. तिने हे पाहिलं का, पाहून लिहिलं का, हाच विचार मी पुढचे चार किलोमीटर करत राहिलो.

मी बूट धावून बघतो. हाच माझा धंदा, गेली चौदा वर्षं. कारखान्यात नवीन बूट तयार झाला की तो आधी एकाच मापात बनवतात, कारण प्रत्येक मापाचे साचे करत बसणं परवडत नाही. त्याला नमुन्याचं माप म्हणतात, आणि माझा पाय बरोबर त्या मापाचा आहे, ना अर्धा इकडे ना अर्धा तिकडे. लोकांना वाटतं मी जोरात धावायचो म्हणून मला ही नोकरी मिळाली. मीही तसं वाटू देतो. खरं म्हणजे मुलाखतीला माझ्यापेक्षा जोरात धावणारे चौघे आले होते आणि त्यांचे पाय मोठे निघाले. पण नंतर मी पायाचं चीज केलं, हे कोणीही मान्य करेल. टाचेखाली पाच ग्रॅम इकडचे तिकडे झाले तरी मला कळतं. शिवण डाव्या हाताने मारलीय का उजव्या, हेसुद्धा एकदा ओळखलं होतं, तेव्हापासून कारखान्यात माझं नाव 'तराजू' पडलं. नवीन पोरं मला तराजूकाका म्हणतात. धाकट्याचा पायही त्याच मापाचा. सख्ख्या भावाचा पाय सारखा असणं यात नवल नाही, पण गेल्या महिन्यात साहेबांनी विचारलं, "या मापाचा अजून एक धावणारा मिळेल का? एकाच पायावर निर्णय नको," तेव्हा मी स्वतःच्या तोंडाने त्याचं नाव सांगितलं. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते असं.

तसा तो हौशी आहे. पोटासाठी लिफ्ट दुरुस्त करतो. शहरातल्या कुठल्याही इमारतीत लिफ्ट अडकली की हा खांद्यावर हत्यारांची पिशवी टाकून हजर. आम्ही त्याची थट्टा करायचो की तुझा धंदा लिफ्टचा आणि आयुष्य जिन्यात, कारण लिफ्ट बंद असते म्हणूनच तर याला बोलावतात. आठ मजले, बारा मजले, पिशवीसकट वर. तो हसायचा. त्याला कशाचंच वाईट वाटत नाही. लहानपणी माझे बूट मला लहान झाले की त्याच्याकडे जायचे, आई पुढे कापूस कोंबून द्यायची, आणि हा ते नवेच असल्यासारखे पुसून ठेवायचा. कोणाला सांगितलेलं नाही, पण बूट मला घट्ट व्हायला लागले की मी शेवटचे दोन महिने सिमेंटच्या पायऱ्यांवरून टाच घासत चालायचो, मुद्दाम, रोज, टाचेचा बाहेरचा कोपरा झिजून तिरका होईपर्यंत. माझं चांगलं त्याच्या पायात जाऊ नये. आई म्हणायची, या पोराची चालच वाकडी आहे. धाकट्याने तिरक्या टाचांचे बूट घातले आणि तिरक्या टाचांनी शाळेत पळाला. कधी बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, भांडण झालं असतं, एक थोबाडीत मिळून प्रकरण संपलं असतं. न बोलणाऱ्या माणसाचं देणं फिटत नाही.

चाचणीची रीत अशी होती. दोन जोड. एकात नवा हलका फोम आणि त्यात मधोमध कार्बनची पट्टी, चमच्यासारखी किंचित वाकवलेली, पाऊल पुढे लोटणारी. दुसऱ्यात आमचाच दोन वर्षं जुना फोम आणि प्लास्टिकची साधी पट्टी, हाताने वाकवून बघितलं तर तितकीच ताठ. वजनातला फरक कळू नये म्हणून हलक्या जोडात शिशाची पातळ पट्टी चिकटवलेली. वरून दोन्हींवर काळं कापड, आणि टाचेवर पांढऱ्या रंगाने एकावर 'क', एकावर 'ख'. कुठला कोणता, हे एका कागदावर लिहून पाकिटात, पाकीट मापनवाल्या बाईच्या खणात, खणाला कुलूप. बाई वयाने माझ्या अर्धी असेल पण कडक. चौथ्या दिवशी धावून आल्यावर तिने पुन्हा बजावलं, "काका, पाकीट सोमवारी फुटेल. तोवर तुम्ही दोघांनी एकमेकांशी बुटाबद्दल बोलायचं नाही. नळाबद्दल बोला." म्हणजे तिने ऐकलं होतं. चार दिवस रस्त्यावर धावायचं होतं, आणि रोज थोडा वेळ मापनखोलीतल्या यंत्रावर, श्वास मोजायचा मुखवटा लावून. मी पहिल्या दिवशी क, मग दोन दिवस ख, चौथ्या दिवशी पुन्हा क. धाकटा बरोबर उलटा. धावून आलं की वहीत लिहायचं. दुसऱ्या दिवशी दोन्ही जोड पायात घालून झाले तेव्हाच मी माझ्या वहीत लिहून टाकलं होतं: 'क खरा. पाऊल उचलायला सांगावं लागत नाही.' मला शंका नव्हती. पायाने सांगितलं आणि मी लिहिलं, चौदा वर्षं जसं लिहीत आलोय तसं.

आणि चौथ्या दिवशी, माझ्या पायात क, त्याच्या पायात ख, आणि तो नळाची चौकशी करतो. कारखान्याच्या आंघोळीच्या खोलीत मी बाकावर बसून राहिलो, घाम वाळून पाठीवर मीठ जमलं तरी. मी हिशेब पुन्हा पुन्हा करून पाहिला. क खरा असेल तर कार्बन माझ्या पायात होता. म्हणजे फुकटची मदत मला होती, आणि त्याला जुना फोम, प्लास्टिकची पट्टी. आणि तरी मला हवा पुरत नव्हती आणि त्याच्याकडे दोन वाक्यांपुरती उरली होती. हे खरं असणं शक्य नव्हतं. शक्य नव्हतं म्हणजे मला नको होतं, पण त्या बाकावर या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नव्हत्या. तो पलीकडे टॉवेलने डोकं पुसत शीळ घालत होता, पाठमोरा. पोटऱ्या बघितल्या मी त्याच्या. पुरुषाने सख्ख्या भावाच्या पोटऱ्या अशा चोरून बघाव्यात हे बरं दिसत नाही. मी वही उघडली, 'क खरा' यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'ख खरा. चौथ्या दिवशी स्पष्ट झालं.' माझ्या पायाला ते स्पष्ट झालं नव्हतं. पण रेघ मारल्यावर श्वास खाली बसला, हे मात्र खरं.

घरी बायको म्हणाली, "आज जेवत का नाही? गुडघा दुखतोय?" मी म्हटलं, पोट जरा बरं नाही. ती ताट उचलता उचलता म्हणाली, "भावजी चांगले धावले वाटतं." माझ्या बायकोला बुटातलं काही कळत नाही, पण बाकी सगळं कळतं. मी चिडलो. चिडून म्हटलं, चांगला धावतोच तो, त्यात माझ्या पोटात दुखण्याचं कारण काय. ती म्हणाली, "पोट तुम्हीच म्हणालात."

आता त्या वेळेबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यापाशी येऊन अडकतं. दोन तास, एक्कावन्न मिनिटं, चाळीस सेकंद. पूर्ण मॅरेथॉन, एकोणीस वर्षांपूर्वी, साध्या रबरी तळाच्या बुटात, माझी. गुडघा गेल्यावर मी लांबचं धावणं सोडलं, आता दहा किलोमीटरच्या पुढे डॉक्टर हात जोडतो. पण ती वेळ आमच्या घरात एखाद्या माणसासारखी राहते. आई पाहुण्यांना सांगते, "थोरल्याचा दोन एक्कावन्न आहे." ती 'होता' म्हणत नाही. तिला सेकंदांचं विचाराल तर तेही सांगेल. धाकट्याची सगळ्यात चांगली वेळ दोन अठ्ठावन्न. तो चाळिशीला टेकलाय. गेली तीन वर्षं म्हणतोय, एकदा नीट धावतो आणि मग बास, वहिनीलाही रविवारी झोपू देतो. वहिनी म्हणजे माझी बायको. तो पहाटे साडेचारला आमची बेल दाबायचा, मला सायकलवरून सोबत करायला. मी जायचो. दर रविवारी तीस-तीस किलोमीटर त्याच्या मागे सायकल मारली, पाण्याची बाटली दिली, आणि वाटेतल्या प्रत्येक चढावर मनात म्हटलं, इथे दमेल. लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा. मीही ऐकून घ्यायचो.

ती मॅरेथॉन त्याच रविवारी होती. बाईंनी शुक्रवारी मला बोलावलं. "काका, बूट आठ किलोमीटरला कसा वागतो ते कळलं. पस्तीस किलोमीटरनंतर फोम दबून बसतो का, ते पूर्ण अंतर धावल्याशिवाय कळणार नाही. तुमचे भाऊ रविवारी धावतायतच. दोन्हीपैकी एक जोड त्यांच्या पायात द्यायचा आहे. कुठला, ते तुम्ही ठरवा. मी ठरवलं तर मला आधीच माहीत आहे, ते बरोबर नाही." मी विचारलं, "त्यालाच विचारा की." ती म्हणाली, "विचारलं. ते म्हणतात, दादाचा पाय सांगेल ते."

दादाचा पाय. मी क आणि ख समोर ठेवून मापनखोलीत बसलो. खोलीत पट्ट्यावर धावायचं यंत्र, श्वास मोजायचा मुखवटा खिळ्याला टांगलेला, आणि खिडकीतून कारखान्याच्या मागचा रस्ता. माझ्या मते ख मध्ये कार्बन होता; तसं मी लिहून दिलं होतं. मग त्याला क द्यावा, प्लास्टिकवाला, असं पहिल्यांदा मनात आलं. एवढं सोपं होतं. जुन्या फोमवर तो दोन छप्पन्न, दोन पंचावन्न धावेल, माझी वेळ सुरक्षित, आई पाहुण्यांना सांगत राहील. कोणाला कळणार नव्हतं, कारण पाकीट फुटेपर्यंत कोणालाच काही माहीत नव्हतं. मी क हातात घेतलासुद्धा. आणि मग दुसरा विचार आला, आणि मला तो फार उदात्त वाटला हे कबूल करायला आज लाज वाटते. समजा क देऊनही तो पुढे गेला तर? साध्या बुटात त्याने माझी वेळ मोडली, तर ती कायमची मोडली. पण ख दिला, कार्बनचा दिला, आणि मोडली, तर ती बुटाने मोडली. कोणीही म्हणेल. मीही हसत हसत म्हणेन, अरे आमच्या वेळी असे बूट असते तर! वेळ जाईल, पण त्याच्याकडे जाणार नाही. पट्टीकडे जाईल. कंपनीकडे जाईल. मी क खाली ठेवला आणि ख उचलला, आणि इतका हलका झालो की त्याला दुपारी फोन करून सांगितलं, "चांगला जोड तुला देतोय." तो म्हणाला, "दादा, तुझ्या वेळेचं काय?" मी म्हटलं, "गाढवा, धाव तू." मला वाटलं, देव माणूस आहे मी.

रविवारी मी सायकलवर नव्हतो, वाटेत सायकलींना बंदी होती. मी शेवटच्या वळणावर उभा होतो, आईला घडीची खुर्ची टाकून बसवलं होतं. आजूबाजूला लोक डबे वाजवत होते. तो वळणावरून आला तेव्हा मी आधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, घड्याळाकडे पाहिलं. मग पायांकडे. काळ्या कापडाखाली ख. पाऊल सुरेख पडत होतं, मधल्या भागावर, आवाज न करता, आणि मी मनात म्हणत होतो, बघा, पट्टी बघा कशी काम करतेय. दोन एकोणपन्नास, पाच सेकंद. आई उठून उभी राहिली. तिने माझा हात धरला होता, आणि तो तिने सोडला आणि टाळ्या वाजवल्या. दोन्ही हात लागतात टाळ्यांना, त्याला ती तरी काय करणार. मीही वाजवल्या. मला खरंच फार वाईट वाटत नव्हतं. माझ्या खिशात कारण होतं.

सोमवारी सकाळी बाईंनी पाकीट फोडलं. साहेब बाहेरगावी होते, खोलीत आम्ही दोघंच. तिने कागद माझ्यापुढे सरकवला. क, नवा फोम, कार्बन. ख, जुना फोम, प्लास्टिक. मी तो तीनदा वाचला. त्यात चुकायला काही नव्हतं, दोनच ओळी होत्या. ती उत्साहाने बोलत सुटली होती. "काका, तुमचा पाय दुसऱ्या दिवशी अगदी बरोबर बोलला होता. मग खोडलंत का?" मी म्हटलं, "चौथ्या दिवशी रस्ता ओला होता." रस्ता ओला नव्हता, आणि ती सायकलवर मागेच होती. तिने काही क्षण माझ्याकडे पाहिलं आणि विषय सोडून दिला. माझ्या चौदा वर्षांत मला कोणी असं सोडून दिलं नव्हतं. मग म्हणाली, "पण तुमच्या भावाची कमाल आहे. दोन वर्षं जुन्या फोमवर, प्लास्टिकच्या पट्टीवर दोन एकोणपन्नास. यंत्रावरचे त्यांचे आकडे बघा, क मध्ये त्यांना चार टक्के कमी श्वास लागतो. रविवारी क असता ना, तर दोन पंचेचाळीसच्या आत आले असते. कुठे शिकले ते? प्रशिक्षक कोण?" मी म्हटलं, "लिफ्ट दुरुस्त करतो." ती हसली. तिला वाटलं मी विनोद केला. माझे आकडे तिने दाखवले नाहीत आणि मी मागितले नाहीत. निघताना म्हणाली, "बूट बाजारात येईपर्यंत हे बाहेर जाणार नाही, सही केलीय आपण. भावाला मात्र सांगा. त्यांना कळायलाच हवं. तुम्हीच सांगा, तुमच्या तोंडून ऐकून त्यांना बरं वाटेल."

दिवसभर मी गोंद वाळवायच्या भट्टीजवळ उगाच उभा राहिलो. म्हणजे पायाने खरं सांगितलं होतं आणि मी त्याचं ऐकलं नव्हतं. चौदा वर्षांत पहिल्यांदा मी बूट माझ्या पायाने न जोखता दुसऱ्याच्या पायाने जोखला. आणि जिच्या नावावर त्याची वेळ खपवायची ठरवली होती ती पट्टी तिथे नव्हतीच. तिथे नुसता तो होता. माझ्या वेळेवर दोन मिनिटं पस्तीस सेकंद, शिसं नसलेल्या, काही नसलेल्या बुटात, बारा मजल्यांच्या जिन्यांवर कमावलेली. मला त्याचा राग आला. इतका स्वच्छ राग बऱ्याच दिवसांत आला नव्हता. त्याने काही केलं नव्हतं म्हणून जास्त आला.

संध्याकाळी आईकडे गेलो. तो आधीच आला होता, मोरीत उकिडवा बसून नळाचा वॉशर बसवत होता. पायाच्या अंगठ्यांची दोन्ही नखं काळी पडलेली, उठताना भिंतीचा आधार घेत होता. आईने चहा ठेवला होता. ती मला म्हणाली, "काल शेजारणीला काय सांगावं कळेना रे. थोरल्याचा म्हणायचा की धाकट्याचा?" मी काही बोलण्याआधी तोच आतून म्हणाला, "थोरल्याचाच, आई. दादा साध्या बुटात धावला होता. माझ्या बुटात स्प्रिंग होती." हात पुसत बाहेर आला, माझ्यासमोर बसला. चेहरा उन्हाने रापलेला, डोळे थकलेले आणि काहीतरी विचारायचंय पण भीती वाटतेय असे. "आज फोडणार होते ना पाकीट? काय निघालं?"

त्याला दुसरंच उत्तर हवं होतं. हे मला त्या क्षणी दिसलं, लख्ख दिसलं, एवढा आंधळा मी नाही. तीन वर्षं पहाटे उठून माणूस धावतो तो बुटाचं नाव व्हावं म्हणून नाही. तो माझी वेळ मला परत देत होता आणि मनातून वाट बघत होता की मी ती घेऊ नये. एक वाक्य होतं. 'बुटात काही नव्हतं.' चौथ्या किलोमीटरला धावतानासुद्धा बोलता येईल एवढं छोटं, आणि मी खुर्चीत बसलो होतो, हातात चहा होता, छातीत हवी तेवढी हवा होती.

"कार्बनच होता तुझ्यात," मी म्हणालो. "सांगितलं नव्हतं, चांगला जोड देतोय म्हणून?"

त्याने मान डोलावली. तशीच, समजूतदारपणे. "तरीच," म्हणाला, आणि आईकडे बघून हसला. "बघ आई, म्हटलं नव्हतं? एवढं काही आपल्यात नाही." आई म्हणाली, "म्हणजे थोरल्याचाच," आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी चहा प्यायलो. साखर जास्त झाली होती. त्याने कप उचलून ठेवला, पिशवीत पाना आणि जुना वॉशर टाकला, चेन ओढली, आणि दारात चपला घालताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "दादा, मी आता थांबतो. बुटाने आणलेली वेळ, तिच्यासाठी अजून किती पळायचं. वहिनीला सांग, या रविवारपासून झोप म्हणावं." तो भिंत धरत जिना उतरायला लागला. आई म्हणाली, "अरे, जाऊन थांबव त्याला, जेवून जा म्हण." मी दारापर्यंत गेलो. तो पहिल्या वळणावर होता, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी दार लावून घेतलं आणि आईला सांगितलं, तो गेला.